जुन्या गाडीतला पेट्रोलचा वास: उगम शोधण्याची पद्धत

जुनी गाडी म्हटली की थोडाफार पेट्रोलचा वास यायचाच, अशी समजूत करून घेऊन अनेक जण वर्षानुवर्षे काचा खाली करून गाडी चालवतात. ही समजूत चुकीची आहे. गाडी १९८८ ची मारुती ८०० असो, पद्मिनी असो वा २००५ ची सँत्रो, दारे बंद करून आत बसल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल किंवा त्याची वाफ नको तिथून बाहेर पडत आहे आणि ती जागा शोधता येते. शोध लांबतो तो बहुधा क्रम चुकल्यामुळे. गॅरेजमध्ये आधी पाइप बदलले जातात, मग पंप, मग कार्ब्युरेटरचे (पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या भागाचे) किट, आणि एवढे पैसे खर्चूनही वास जागच्या जागी राहतो. वास कुठे येतो हे नाकाला नीट सांगता येत नाही, कारण वाफ हवेच्या झोताबरोबर फिरते आणि उगमापासून दोन-तीन फुटांवर जाणवते. तो केव्हा येतो हे मात्र कोणालाही अचूक सांगता येते. म्हणून आधी वेळ पकडावी, मग जागा, आणि पाना सर्वांत शेवटी हातात घ्यावा.

हे विवेचन पेट्रोल गाड्यांपुरते आहे: कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती ८००, ओम्नी, झेन, पद्मिनी आणि सुरुवातीच्या काळातल्या एमपीएफआय गाड्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्या.

काम सुरू करण्यापूर्वी

पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते, आणि हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असले की एक ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते, त्यामुळे ती उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागी साचते. सोसायटीचे तळघरातले पार्किंग, शटर ओढलेले गॅरेज आणि विशेषतः गॅरेजमधला खड्डा या तिन्ही जागा या कामासाठी वर्ज्य समजाव्यात. गाडी उघड्यावर, सपाट जागी आणि सावलीत लावावी. बॉनेट व दारे उघडून वीसेक मिनिटे हवा खेळू द्यावी आणि त्यानंतरच बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. वाफ साचलेली असताना तार ओढल्यास तिथेच ठिणगी पडू शकते. उजेडासाठी एलईडी टॉर्च वापरावा, तारेला लोंबणारा बल्ब नको, कारण त्यावर पेट्रोलचा थेंब पडला तर काच फुटते आणि तापलेली तार उघडी पडते. एबीसी पावडरचे अग्निशामक गाडीत न ठेवता चार पावलांवर बाहेर ठेवावे. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते.

गाडीखाली थेंब पडताना दिसत असतील तर गाडी सुरू करू नये आणि "गॅरेज जवळच आहे" म्हणून चालवतही नेऊ नये. मेकॅनिकला गाडीपाशी बोलवावे किंवा गाडी टो करून न्यावी.

वासाची वेळ

एक छोटी वही गाडीत ठेवावी आणि आठवडाभर, वास आला की चार गोष्टी लिहाव्यात: गाडी त्या वेळी काय करत होती, टाकीत पेट्रोल किती होते, काचा उघड्या होत्या का, आणि एसी किंवा ब्लोअरची कळ बाहेरच्या हवेवर होती की आतल्या. घरातल्या इतर कोणी गाडी चालवत असेल तर त्यांनाही लिहायला सांगावे. पुढचा बहुतेक तर्क या नोंदींवरच उभा राहतो.

टाकी भरल्यानंतर पहिले दोन-तीन दिवस वास येत असेल आणि टाकी अर्ध्यावर आली की तो आपोआप जात असेल, तर दोष टाकीच्या वरच्या भागात आहे: पेट्रोल भरण्याची नळी, तिच्याबरोबर जाणारी ब्रीदर (हवा बाहेर सोडणारी) नळी, पेट्रोल गेजच्या सेंडरखालचे (टाकीतली पातळी मोजणाऱ्या भागाखालचे) पॅकिंग किंवा टाकीच्या माथ्यावरचा गंज. वळणावर किंवा घाटात वास उसळत असेल तरी कारण याच गटातले, कारण पेट्रोल हिंदकळून त्या सांध्यापर्यंत पोहोचते.

गाडी बंद करून दहा-पंधरा मिनिटे झाल्यावर वास येत असेल तर इंजिनाच्या बाजूला पाहावे. चालू असताना पंख्याची व रस्त्याची हवा इंजिनाची उष्णता वाहून नेते. बंद केल्यावर तीच उष्णता वर चढून कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधले, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या कप्प्यातले, पेट्रोल तापवते. जुन्या कार्ब्युरेटरमध्ये यामुळे येणारा हलका, बॉनेट उघडल्यावरच जाणवणारा आणि अर्ध्या तासात विरणारा वास स्वाभाविक आहे. तो बॉनेट बंद असताना घराच्या दारापर्यंत येत असेल तर मात्र स्वाभाविक म्हणता येत नाही.

सकाळी थंड गाडीला सेल्फ मारताच वास येऊन पाच-दहा मिनिटांत जात असेल, तर दोन शक्यता आहेत. चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप) ओढलेला असताना मिश्रण घट्ट, म्हणजे जास्त पेट्रोलचे, असते आणि सायलेन्सरमधून न जळलेल्या पेट्रोलचा वास येतोच. चोक पूर्ण आत गेल्यावर तो थांबला पाहिजे. दुसरी शक्यता अधिक फसवी आहे. कडक झालेली रबरी रिंग किंवा पाइपाचे टोक थंडीत आकसून पाझरते आणि इंजिन तापले की फुगून पुन्हा घट्ट बसते. अशी गाडी गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गरम झालेली असते आणि मेकॅनिक प्रामाणिकपणे सांगतो की काही गळत नाही. तिला आदल्या रात्री गॅरेजमध्ये सोडावे आणि सकाळी पहिला सेल्फ मेकॅनिकसमोर मारावा.

फक्त सिग्नलला थांबल्यावर आणि ब्लोअर बाहेरच्या हवेवर असतानाच वास येत असेल, तर बॉनेटखालची वाफ पुढच्या काचेच्या तळाशी असलेल्या जाळीतून आत ओढली जात आहे. कळ आतल्या हवेवर करताच वास कमी झाला तर ही खूण पक्की समजावी. उलट, महामार्गावर मागची काच थोडी उघडी असताना वास येत असेल तर तो सायलेन्सरचा असण्याची शक्यता मोठी, कारण धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर डिकीच्या फाटक्या रबरातून किंवा मागच्या दिव्यांच्या भोकांतून आत खेचला जातो.

नाकाची परीक्षा

आपले नाक पेट्रोलच्या वासाला काही मिनिटांतच सरावते, त्यामुळे गाडी चालवून आलेल्या माणसाने लगेच वास घेत फिरण्यात अर्थ नाही. गाडी दोन-तीन तास बंद ठेवावी आणि गाडीत न बसलेल्या घरातल्या कोणाला तरी बोलवावे. पहिल्या दिवशी सर्वांत आधी डिकी उघडावी, दुसऱ्या दिवशी बॉनेट, तिसऱ्या दिवशी मागचे दार. एकाच दिवशी सगळे उघडले की वास मिसळतो आणि तुलना होत नाही. कोंडलेला वास कोणत्या दिवशी तोंडावर आला, त्यावरून गाडीचा पुढचा की मागचा भाग हे ठरते. मागच्या चाकाच्या कमानीत आणि पेट्रोलच्या झाकणापाशीही वास घ्यावा.

गाडीला सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर वासाची जात आधी ओळखावी. गॅसला मुद्दाम घातलेला वास कुजक्या अंड्यासारखा, स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा असतो. तो आला तर सिलिंडरची कळ बंद करावी आणि किटवाल्याकडेच जावे. तो घरी हात घालण्याचा विषय नाही. सीएनजी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर ३ वर्षांनी करावी लागते, ती तारीख या निमित्ताने पाहून घ्यावी. पेट्रोलचाच वास असेल तर किटच्या गाडीत आणखी एक जागा वाढते. कार्ब्युरेटरच्या गाडीला किट बसवताना पेट्रोलची नळी मध्येच कापून तिथे एक सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) बसवतात, म्हणजे गॅसवर असताना पेट्रोल थांबते. त्या सोलेनॉइडचे दोन सांधे कंपनीच्या आराखड्यात नव्हते आणि त्यांच्या क्लिपा बहुतेकदा हाताशी होत्या त्या लावलेल्या असतात. अशा गाडीत मी पहिली नजर तिथेच टाकीन.

टाकी आणि तिचा माथा

बहुतेक छोट्या गाड्यांत टाकी मागच्या सीटखाली किंवा डिकीच्या तळाखाली असते. मागच्या सीटची बैठक उचलून गालिचा बाजूला केला की पुष्कळ गाड्यांत पत्र्याचे एक गोल किंवा लांबट झाकण दिसते, ज्याच्या रबरी बुचातून गेजच्या तारा आत जातात. झाकण काढण्याआधी त्यावरची धूळ निरखावी. कोरडी, करडी, फुंकर मारल्यास उडणारी धूळ असेल तर खालचा सांधा बहुधा ठीक आहे. धूळ काळपट होऊन चिकटली असेल, किंवा स्क्रूंच्या भोवती तपकिरी कडा असलेले डाग असतील, तर तिथून वाफ येत आहे. पेट्रोल स्वतः उडून जाते, पण त्यातले जड अंश मागे राहून लाखेसारखा पातळ थर तयार होतो आणि तोच उपयोगी पुरावा ठरतो. आत सेंडरच्या चकतीखाली रबरी किंवा बुचाच्या लाकडाचे पॅकिंग असते. वीस वर्षांत ते दाबून कागदाएवढे पातळ होते. ते स्वस्तात मिळते. बदलताना टाकी पाऊण रिकामी असावी आणि स्क्रू समोरासमोरचे जोडीने आवळावेत, एका बाजूने क्रमाने आवळले की चकती तिरकी बसते.

पेट्रोल भरण्याची जाड रबरी नळी वरून शाबूत दिसली तरी वाकण्याच्या आतल्या अंगाला चिरलेली असते, म्हणून तिथे बोट फिरवून आणि हलके दाबून पाहावे. टाकीचा माथा पाहणे कठीण, आणि गंज नेमका तिथेच लागतो, कारण मागच्या चाकाने उडवलेला चिखल तिथे साचून पावसाळाभर ओला राहतो. कोकणात किंवा समुद्राजवळ राहिलेल्या गाडीत तर टाकी खाली उतरवून पाहणेच बरे.

खर्च करण्याआधी एक फुकट चाचणी करावी: पुढच्या दोन वेळा टाकी पाऊणपेक्षा जास्त भरू नये. वास आलाच नाही तर दोष वरच्या भागात आहे हे सिद्ध झाले. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही राउंड फिगरसाठी आणखी पेट्रोल घालण्याची जी सवय आहे, ती इथे त्रासदायक ठरते. पेट्रोल तापल्यावर बरेच प्रसरण पावते. २८ लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले तर त्याला सुमारे अर्धा लिटर जास्त जागा लागते. काठोकाठ भरलेल्या टाकीत ही जागा नसते, आणि उन्हात उभ्या गाडीत ते पेट्रोल ब्रीदरमध्ये, कॅनिस्टर (पेट्रोलची वाफ शोषणारा डबा) असेल तर त्याच्या कोळशात, किंवा सरळ झाकणातून बाहेर येते. झाकणाची रबरी रिंग चपटी, कडक किंवा चिरलेली असेल तर अख्खे झाकण बदलावे. त्यात हवा आत घेणारी झडप असते, त्यामुळे कोणतेही मिळतेजुळते झाकण चालत नाही.

टाकीला बारीक भोक पडले असेल तर जुने ड्रायव्हर त्यावर अंगाचा साबण घासत आणि गाडी घरापर्यंत आणत. ती युक्ती खरोखर चालते, एम-सीलही काही काळ टिकते, पण दोन्ही उपाय टाकी उतरवेपर्यंतचे आहेत. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वेल्डिंगला जास्त धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. कोपऱ्यावरच्या वेल्डरने "पाण्याने धुऊन घेतो" म्हटले तरी टाकी त्याच्या हाती देऊ नये. रेडिएटर आणि टाक्यांचेच काम करणाऱ्याकडे द्यावी किंवा दुसरी बसवावी.

पाइपांचा प्रवास

टाकीपासून इंजिनापर्यंत बहुतेक मार्ग लोखंडी नळीचा असतो आणि दोन्ही टोकांना रबरी तुकडे असतात. दोष बहुधा रबरात किंवा लोखंडी नळी जिथे पकडीत बसवलेली असते त्या पकडीखाली सापडतो. गाडी जॅकवर चढवली तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नये, स्टँड लावावेत. खालच्या बाजूला सगळीकडे तेलकट धुळीचा थर असतो. त्यात एखादी जागा धुतल्यासारखी स्वच्छ दिसली तर तिथे पेट्रोल पाझरते आहे. संशय असलेल्या सांध्यावर पांढरा टिश्यू पेपर दोऱ्याने बांधून रात्रभर ठेवावा, किंवा सांधा पुसून, कोरडा करून त्यावर खडूची पूड चोळावी. ओल खडूवर ताबडतोब उमटते. परतीची नळी, म्हणजे इंजिनाकडून उरलेले पेट्रोल टाकीत आणणारी बारीक नळी, हमखास विसरली जाते. आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर रबर कुरतडतात. दातांच्या समांतर खुणा आणि आसपासच्या लेंड्या दिसल्या की कारण वेगळे शोधावे लागत नाही.

कार्ब्युरेटरची बाजू

एअर फिल्टरचे झाकण काढून आधी बाहेरून पाहावे. वरचा भाग आणि फ्लोट चेंबर यांच्या सांध्याभोवती ओल किंवा तपकिरी थर असेल तर पॅकिंग गेले आहे. अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या छोट्या झाकणाखाली ओल असेल तर त्याचा डायफ्रॅम (लवचिक पडदा) फाटला आहे. मग इंजिन एक-दोन मिनिटे चालवून बंद करावे आणि ते पूर्ण थांबल्यावर टॉर्चने कार्ब्युरेटरच्या घशात पाहावे. चालू इंजिनाच्या उघड्या घशावर तोंड कधीही नेऊ नये, उलटा भडका येऊ शकतो. बंद इंजिनात मुख्य नोझलमधून थेंब पडत राहिले तर फ्लोट चेंबर ओव्हरफ्लो होत आहे. नीडलच्या, म्हणजे फ्लोट वर आला की पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या, टोकावर झिजेचे वळे, नीडलखाली अडकलेला गंजाचा कण किंवा पेट्रोल शिरून जड झालेला फ्लोट ही त्याची तीन नेहमीची कारणे. फ्लोट कानाशी हलवून पाहावा, आत पेट्रोल असेल तर खुळखुळते. गंजाचा कण सापडला तर नुसता साफ करून भागत नाही. तो टाकीतून आला आहे आणि फिल्टरने त्याला अडवलेले नाही.

इंजिनाच्या अंगावर बसवलेल्या यांत्रिक पंपाकडे विशेष लक्ष द्यावे. त्याचा डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल पंपाच्या तळाच्या भोकातून बाहेर येते किंवा सरळ इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरते. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण बाहेर काहीच दिसत नाही आणि ऑइल पातळ होऊन बेअरिंगे खराब होतात. डिपस्टिक काढून पाहावी: ऑइलची पातळी न भरता वाढली असेल आणि काडीला पेट्रोलचा वास असेल तर इंजिन सुरू करू नये. पंप बदलावा आणि ऑइल व फिल्टरही त्याच दिवशी बदलावेत. काही फिटर ती काडी पेटवून पाहतात. तसे करू देऊ नये.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्यास २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली, आणि कार्ब्युरेटरच्या काळातले रबर व बुचाची पॅकिंगे त्या मिश्रणासाठी बनवलेली नव्हती. काही रबरे त्यात फुगतात, गाडी उभी राहून कोरडी पडली की आकसतात आणि चिरतात. पण प्रत्येक गळतीचे खापर इथेनॉलवर फोडणे मला पटत नाही. पंचवीस वर्षांचे रबर कोणत्याही पेट्रोलमध्ये संपलेलेच असते. बदलताना नवे रबर इथेनॉल चालणारे घ्यावे, एवढाच त्याचा अर्थ.

एमपीएफआय गाडी

इथे पेट्रोलचा दाब कार्ब्युरेटरच्या गाडीच्या सुमारे दहा पट, साधारण ३ बार असतो, त्यामुळे छोटी चीर थेंब टाकत नाही, फवारा मारते. कोणताही पाइप काढण्याआधी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे दाब उतरतो. इंजेक्टरच्या वरच्या-खालच्या रबरी रिंगा आणि फ्यूएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) बसवलेला प्रेशर रेग्युलेटर या पहिल्या जागा. रेग्युलेटरची बारीक व्हॅक्यूम नळी काढून हुंगावी. तिच्यात पेट्रोल आढळले तर त्याचा डायफ्रॅम फाटला आहे. कॅनिस्टर पेट्रोलने भिजला असेल तर तो वाळवून उपयोग नसतो, बदलावाच लागतो.

धूर की गळती

दोन्हींतला फरक पीयूसी केंद्रावर कमी पैशांत कळतो. नुसते प्रमाणपत्र घेऊन परतू नये, सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा पाहावा. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी व इंजिन चालू असताना, बीएस-२ (भारत स्टेज या प्रदूषण मानकाचा दुसरा टप्पा) पूर्वीच्या चारचाकीची मर्यादा ३ टक्के आणि बीएस-२ व बीएस-३ ची ०.५ टक्के आहे. आकडा मर्यादेच्या वर किंवा काठावर असेल, प्लग काळेकुट्ट असतील आणि अ‍ॅव्हरेज घसरले असेल, तर पेट्रोल गळत नसून नीट जळत नाही. अडकलेला चोक, चोंदलेला एअर फिल्टर, मिस होणारा प्लग आणि एमपीएफआयमध्ये बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर या क्रमाने पाहावे.

पाइप बदलताना

पेट्रोलच्या पाइपावर छापलेली अक्षरे वाचून घ्यावीत. एसएई जे ३० आर ७ हा पाइप कार्ब्युरेटरच्या कमी दाबासाठी आणि आर ९ इंजेक्शनच्या दाबासाठी असतो. टाकीच्या आत बुडून राहणाऱ्या तुकड्याला आर १० लागतो, आर ९ तिथे बाहेरून सडतो. कार्ब्युरेटरला आर ९ लावल्यास काही बिघडत नाही, थोडे पैसे जास्त जातात. पारदर्शक प्लास्टिकची नळी दिसायला सोयीची असली तरी काही महिन्यांत काचेसारखी कडक होऊन सांध्यात तडकते, म्हणून ती घेऊ नये. पाइप धारदार ब्लेडने काटकोनात कापावा, नळीच्या उंचवट्याच्या पलीकडे इंचभर चढवावा आणि क्लिप उंचवट्यावर न लावता त्याच्या मागे लावावी. कडा वळवलेल्या क्लिपा घ्याव्यात, साध्या आटेवाल्या क्लिपेचे दात रबर कापतात.

काम झाल्यावर सांधे कोरडे पुसून, इंजिन पाच मिनिटे चालवून पुन्हा पाहावे, मग दुसऱ्या दिवशी थंड असताना आणि नंतर टाकी भरलेली असताना. जुन्या गाडीत दोन गळत्या एकाच वेळी असणे अगदी नेहमीचे आहे. मोठी बंद झाली की लहान जाणवू लागते, तेव्हा पहिली दुरुस्ती फुकट गेली असे लगेच ठरवू नये. सांधे कोरडे असूनही आत हलका वास राहिला तर गालिच्याखालचा नमदा बाहेर काढावा. तो पेट्रोल धरून ठेवतो. दोन दिवस मोकळ्या हवेत, उन्हात पसरूनही वास गेला नाही तर तेवढा तुकडा कापून सीटवाल्याकडून नवा बसवून घ्यावा, अत्तराच्या बाटलीने वास झाकू नये, कारण पुढची गळती पेट्रोलच्या वासानेच कळणार असते.